नोटीस लागण्याआधी: आपल्या भागातला कारखाना अडचणीत आहे हे वेळेत कसे ओळखावे आणि काय करावे

नाशिकच्या सातपूरमधल्या एका प्रेसिंगच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षे स्टोअर्स सांभाळले. २०१६ साली दिवाळीची सुट्टी संपवून कामावर गेलो तर गेटला नोटीस. साठ दिवसांनी कारखाना कायमचा बंद. "एका रात्रीत कंपनी बंद केली" असे त्या दिवशी प्रत्येक जण म्हणत होता, मीही म्हणालो.

पुढचे सहा महिने आम्ही कामगार उपायुक्त कार्यालयाच्या बाकांवर काढले. तिथे एकमेकांशी निवांत बोलणे झाले, तेव्हा खरे काय ते कळले. पत्र्याची आवक निम्म्यावर आली होती, हे मला वर्षभर आधी ठाऊक होते. ग्राहकाने आपल्या डाय (पत्रा दाबून आकार देणारे साचे) परत नेल्या, हे टूलरूमवाल्याला ठाऊक होते. कँटीनवाल्याचे चार महिन्यांचे बिल अडकले होते. पतसंस्थेच्या सचिवाकडे पगारातून कापलेले हप्ते येतच नव्हते. आपल्या खात्यापुरती ही तात्पुरती ओढाताण आहे, असे प्रत्येकाला वाटत होते. सगळी माहिती होती, पण एका जागी कुणाकडेच नव्हती.

तेव्हापासून आमच्या वस्तीत आम्ही काही जण हे काम करतो: आजूबाजूच्या कारखान्यांवर लक्ष ठेवायचे, वेळेत बोलायचे, आणि वाचवता येत असेल ते वाचवायचे. महिंद्रा, बॉश यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती नाशकात लहान कारखान्यांचे जाळे आहे. त्यातला एक बंद पडला की खानावळ, रिक्षा, किराणा, शाळेची फी, सगळ्याला धक्का बसतो. तुमच्या गावात साखर कारखाना असेल, यंत्रमाग असतील, औषधांची कंपनी असेल; पद्धत थोड्याफार फरकाने हीच राहील.

सुरुवातीला फार काही लागत नाही. एक जाड वही, इंटरनेट चालणारा मोबाइल, कारखान्याचे कायदेशीर पूर्ण नाव (पाटीवरचे नव्हे, पगारस्लिपवरचे), त्याचा पीएफचा आस्थापना क्रमांक, एखाद्या चलनावर असतो तो जीएसटी क्रमांक आणि एमआयडीसीचा प्लॉट क्रमांक. एवढे जमले की कामाला लागा.

१. आधी माणसे जमवा, आणि तीही थोडीच

सहा ते आठ जण पुरेत. सगळे एकाच खात्यातले नकोत. स्टोअर्स, डिस्पॅच, मेंटेनन्स, टूलरूम यांपैकी दोघे-तिघे, कंत्राटी कामगारांतला एक, युनियन असेल तर कमिटीतला एक. बाहेरची माणसे तितकीच गरजेची: गेटसमोरचा चहावाला, माल नेणारा टेम्पोवाला, पतसंस्थेत बसणारा कुणी, वस्तीतल्या बचत गटाची एखादी ताई. बचत गटाला घराघरातली तंगी सगळ्यांत आधी कळते. ओव्हरटाइम बंद झाला की पुढच्याच महिन्यात हप्ते पुढे ढकलले जातात.

इथला सर्वांत मोठा धोका अफवेचा. "अमुक कंपनी बंद होणार" असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला तर पुरवठादार रोखीशिवाय माल देत नाहीत, बँक हात आखडता घेते, चांगले कारागीर दुसरीकडे अर्ज करतात, आणि जी कंपनी कदाचित तरली असती तीही बुडते. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या की वहीतले वहीतच राहील, व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा नाही, आणि बाहेर बोलायचे ते दोघांनीच.

दुसरी काळजी नोकरीची. कंपनीच्या कागदांचे फोटो काढू नका, संगणकातली फाईल बाहेर नेऊ नका. त्यावरून आरोपपत्र मिळू शकते. आपल्या रोजच्या कामात जे सहज दिसते आणि जे सरकारी संकेतस्थळांवर सगळ्यांसाठी खुले आहे, तेवढ्यातून पुरेसे कळते.

२. चिन्हांची वही

महिन्यातून एकदा बसायचे. प्रत्येकाने आपल्याकडचे सांगायचे, एकाने तारीख टाकून लिहायचे. मत नको, पाहिलेले सांगा. "कंपनीची हालत खराब आहे" असे लिहू नका. "मार्चमध्ये पत्र्याच्या अकरा गाड्या आल्या, जूनमध्ये चार" असे लिहा.

स्टोअर्सपासून सुरू करतो, कारण तिथली नस मला कळते. कच्चा माल पूर्वी पंधरा दिवसांचा पडून असायचा आणि आता दोन दिवसांचा येतो, नेहमीचा पुरवठादार सुटून भलत्याच ठिकाणाहून थोडा थोडा माल येतो, बेअरिंग किंवा ऑइलसारख्या किरकोळ वस्तूंच्या मागण्या आठवडेच्या आठवडे सहीविना पडतात: ही रोकड संपत आल्याची खूण. मेंटेनन्सवाल्याला विचारा की मशीनचे वार्षिक करार नूतनीकरण झाले का, की एका मशीनचे भाग काढून दुसरे चालवणे सुरू आहे. महावितरणकडचा मंजूर भार कमी करून घेतला असेल तर ते मोठे चिन्ह. पुढे जास्त मशीन चालवायच्या नाहीत हे मालकाने मनाशी ठरवले आहे, असा त्याचा अर्थ.

टूलरूमवर खास नजर ठेवा. वाहन उद्योगात डाय बहुधा ग्राहकाच्या मालकीच्या असतात. ग्राहकाने त्या "दुरुस्तीसाठी" नेल्या आणि महिनाभरात परत आल्या नाहीत तर काम दुसऱ्या पुरवठादाराकडे गेले असे समजा. आमच्याकडे चौदा डाय अशा गेल्या. दर वेळी गेटपासवर "दुरुस्ती" असेच लिहिलेले होते.

आता पैशांची चिन्हे. पगार दोन-चार दिवस उशिरा होणे हे सगळ्यांना दिसते, पण ते शेवटी शेवटी येते. त्याआधी कितीतरी महिने पगारातून कापलेले पैसे पुढे पोहोचत नाहीत: पतसंस्थेचा हप्ता, एलआयसीचा हप्ता, पीएफ. ती कामगाराचीच रक्कम. ती थांबली म्हणजे मालक दुसऱ्याच्या पैशांवर दिवस काढतो आहे. कँटीन, बस आणि सुरक्षारक्षकांच्या ठेकेदारांची बिलेही याच सुमारास तुंबतात. वर्षात दोनदा सुरक्षा एजन्सी बदलली तर जुन्या वॉचमनला कारण विचारा.

माणसांची चिन्हे: अकाउंट्सचा जुना माणूस आणि क्वालिटीचा मॅनेजर तीन महिन्यांच्या आत सोडून गेले, ॲप्रेंटिस घेणे बंद झाले, निवृत्त होणाऱ्याची जागा भरली जात नाही, वेतनकराराची बोलणी "पुढच्या महिन्यात" म्हणत वर्षभर लांबली.

आणि जमिनीचे चिन्ह. कामाशी संबंध नसलेली माणसे टेप घेऊन कंपाउंड मोजताना दिसली तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

खोटी चिन्हेही असतात. डिसेंबरात गाडी कंपन्या उत्पादन कमी करतात, तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्यांकडे मंदी दिसतेच. मॉडेल बदलताना डाय हलतात. मार्चअखेर साठा मुद्दाम कमी ठेवतात. म्हणून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे: तीन वेगवेगळ्या खात्यांतली तीन चिन्हे सलग दोन महिने दिसली तरच पुढची पायरी.

३. सरकारी नोंदींशी पडताळा

हे घरबसल्या होते, आणि बरेचसे फुकट होते.

*पीएफ.* ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कंपनीचे नाव किंवा क्रमांक टाकला की कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती कर्मचाऱ्यांचे भरले, हे दिसते. मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. दोन वर्षांचे आकडे वहीत उतरवा. तारीख १५ वरून २८ वर आणि मग दोन महिने मागे घसरते, माणसांचा आकडा हळूहळू खाली येतो, हे एका पानावर डोळ्यांसमोर उभे राहते. सोबत प्रत्येकाने उमंग ॲपवर स्वतःचे पासबुकही पाहावे.

*जीएसटी.* पोर्टलवर क्रमांक टाकून विवरणपत्रे कधी भरली ते पाहता येते. आधी वेळेवर भरणारी कंपनी सलग दोन-तीन महिने थकली, तर विक्री थांबली आहे किंवा कर भरायला पैसे नाहीत.

*कंपनी मंत्रालयाचे पोर्टल.* कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे ते इथे कळते. शंभर रुपये भरून ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवालही वाचता येतो. आकडे समजले नाहीत तरी अहवालात दोन गोष्टी शोधा: पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) थकबाकी नोंदली आहे का, आणि कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल लेखापरीक्षकाने शंका घेतली आहे का. भागीदारीतल्या लहान फर्मची माहिती मात्र इथे मिळत नाही.

*वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा.* कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए (थकीत कर्ज) होते. त्यानंतर बँक ६० दिवसांची मागणी नोटीस काढते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर ताबा घेऊन तशी नोटीस वर्तमानपत्रात देते. एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात ती द्यावीच लागते. आमच्या गटातली एक ताई रोज शेवटची पाने वाचते. हे काम कुणाला तरी नेमून द्याच.

*एमआयडीसी.* प्लॉट हस्तांतरणाचा, पोटभाड्याने देण्याचा किंवा वापर बदलण्याचा अर्ज आला आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न एकच आणि नेमका ठेवा.

४. कारण कोणते ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि थेट मोर्चा काढतात. कारण ओळखले नाही तर उपाय चुकतो.

पैसे अडकलेत? म्हणजे काम आहे, माल जातो आहे, पण मोठा ग्राहक वेळेवर पैसे देत नाही. लहान कारखान्यांत हे कारण मला सर्वांत जास्त वेळा दिसले, आणि सुटण्यासारखेही हेच. ऑर्डरच गेली असेल तर प्रश्न वेगळा. तिथे नवा ग्राहक किंवा नवा माल शोधायला वेळ लागतो. कर्ज डोईजड झाले असेल तर चावी बँकेच्या हातात असते. मालक थकला आहे आणि पुढच्या पिढीला कारखान्यात रस नाही, हेही मोठे कारण आहे. त्यावर कुणी उघड बोलत नाही, पण तिथे चांगला खरेदीदार मिळवून देणे शक्य असते.

आणि शेवटचे कारण जमीन. कारखान्यापेक्षा त्याखालची जागा महाग झाली की चालू कारखानाही बंद पडू शकतो. मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते आपल्या घरातल्या कुणी ना कुणी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, हे सगळ्यांना माहीत असते. नंतरचे कमी जणांना माहीत असते. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि काही म्हाडासाठी ठेवला होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. कामगार मजुरीसाठी भांडत होते, तोवर खेळ जमिनीकडे सरकला होता. कंपाउंड मोजणारी माणसे दिसली की म्हणूनच मी अस्वस्थ होतो.

५. मालकाशी बोला, तेही लवकर

दोघे-तिघेच जा. युनियन असेल तर तिच्यामार्फतच. वही सोबत नेऊ नका. आरोप करू नका. आम्ही एवढेच म्हणतो: "साहेब, ऑर्डर कमी झाली आहे की पैसे अडकलेत, एवढे सांगा. आमच्याकडून काही होण्यासारखे असेल तर आत्ताच करू." एका मालकाने यावर दार लावून घेतले. दुसऱ्या एका कारखान्यात मात्र मालक तासभर बोलत बसले. त्यांना हे विचारणारे त्या वर्षात दुसरे कुणी आलेच नव्हते.

पैसे अडकले असतील तर: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची उद्यम नोंदणी असेल, तर खरेदीदाराने करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मालकांना हे माहीत असते, पण ग्राहक तुटेल या भीतीने ते तक्रार करत नाहीत, आणि ही भीती खरी आहे. म्हणून एकट्याने तक्रार करण्यापेक्षा उद्योजकांच्या संघटनेने त्या ग्राहकाकडे सगळ्यांच्या वतीने विषय काढणे बरे. बिल वटवून आधी पैसे देणाऱ्या ट्रेड्स मंचावर ग्राहक नोंदलेला असेल तर तोही मार्ग आहे.

कर्ज डोईजड असेल तर: २५ कोटी रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या लघु-मध्यम उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेची पुनरुज्जीवन चौकट २०१६ पासून आहे. खाते एनपीए होण्याआधी, हप्ता थकायला लागल्यावरच, उद्योजक स्वतः बँकेच्या समितीकडे अर्ज करू शकतो. मुदत वाढवणे, हप्ते बदलणे, थोडे नवे भांडवल असे मार्ग तिथे निघतात. माझ्या पाहण्यातल्या मालकांपैकी फार थोड्यांनी हा अर्ज वेळेत केला. बाकीचे खासगी सावकाराकडे गेले.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. वीज, रस्ता, पाणी, परवाना असे अडलेले विषय तिथे मांडता येतात. मालकाला तिथे न्या, किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विषय कार्यसूचीवर घ्यायला सांगा.

कामगारांनी झळ सोसायची वेळ आली तर ती लेखी करारानेच सोसा, आणि एक गोष्ट घट्ट धरून ठेवा: मूळ पगार आणि महागाई भत्ता कमी करू देऊ नका. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, भरपाईही पगारावरच ठरते. मूळ पगार उतरवून वर्षभराने कारखाना बंद पडला तर वीस वर्षांची कमाई उतरलेल्या दराने हातात येते. त्याऐवजी वाढ पुढे ढकला, ओव्हरटाइम सोडा, आठवड्यातला एक दिवस कमी करा, आणि हे किती महिन्यांसाठी आहे ते करारात लिहून घ्या.

कामगारांनीच कारखाना चालवायला घ्यावा, हा विचार अशा वेळी कुणीतरी मांडतोच. तो वेडा विचार नाही. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स १९८० च्या दशकाच्या अखेरीस कामगारांच्या सहकारी संस्थेने घेतली आणि काही वर्षे चालवली. पण रोजच्या कच्च्या मालाला लागणारे खेळते भांडवल कुठून आणणार, याचे उत्तर हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे तर त्यात मुळीच घालू नका.

६. कायद्यात आपला आकडा कोणता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. जुन्या कायद्यात कारखाना बंद करायला सरकारची परवानगी १०० कामगारांपासून लागत असे. आता ती ३०० पासून लागते. हे नीट समजून घ्या, कारण जुन्या माहितीवर अजूनही सल्ले दिले जातात.

३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याने बंद करण्याच्या ९० दिवस आधी परवानगीचा अर्ज करायचा. अर्जाची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींनाही द्यायची. सरकारने ६० दिवसांत काही कळवले नाही तर परवानगी मिळाली असे धरतात. म्हणजे तुमची हरकत या ६० दिवसांत, तीही पहिल्या आठवड्यांतच, लेखी पोहोचली पाहिजे.

५० ते ३०० मध्ये परवानगी लागत नाही, फक्त ६० दिवसांची नोटीस. ५० च्या खाली तीही नाही. बहुतेक लहान कारखाने याच दोन गटांत येतात. म्हणून तिथे कायद्यापेक्षा वही जास्त कामाची.

सापळा आकड्याचाच आहे. आमच्या कारखान्यात दोन वर्षांत कायम कामगार ११८ वरून ९२ वर आले. कुणी निवृत्त झाला, कुणी व्हीआरएस घेतली, आणि जागा कंत्राटी कामगारांनी भरल्या. आम्ही १०० च्या खाली कधी गेलो ते आमच्या लक्षातही आले नाही. कायदा मागच्या बारा महिन्यांची रोजची सरासरी पाहतो, तेव्हा दर महिन्याचा आकडा वहीत असायलाच हवा, कायम, मुदतीचे आणि कंत्राटी असा वेगवेगळा.

परवानगी नाकारली म्हणजे कारखाना चालू राहतो असेही नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. राज्य सरकारने बंदची परवानगी दिली नाही. एका चिनी कंपनीशी झालेला सौदा २०२२ मध्ये फिसकटला, २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला, आणि आम्हाला सामावून घ्या म्हणून जुन्या कामगारांना आंदोलन करावे लागले. खरेदीदार येतो आहे असे कळले की पहिली मागणी ही करा: जुन्या कामगारांचे काय, ते विक्रीच्या करारात लेखी येऊ द्या.

७. ले-ऑफ लागला तर

ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून कामगारांना तात्पुरते घरी बसवणे. इथे एक चूक फार महागात पडते. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांचे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के मिळतात. पण त्यासाठी ठरलेल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी लावावी लागते. "काम नाही तर जायचे कशाला" म्हणून लोक गावी शेतावर जातात आणि तेवढ्या दिवसांचा हक्क जातो. गेटवर हजेरी घेत नसतील तर रोज स्वतःची यादी करा, सह्या घ्या, आणि आठवड्याला एक प्रत स्पीड पोस्टाने कंपनीला व कामगार उपायुक्तांना पाठवा.

८. नोटीस लागलीच, तर पहिले दहा दिवस

पहिल्या दिवशी नोटिशीचा फोटो घ्या, तारीख दिसेल असा. दुसऱ्या दिवशी उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज एका पानाचा पुरे: कारखान्याचे नाव, कामगारांची संख्या, नोटिशीची तारीख, थकीत रकमा, आणि संयुक्त बैठक बोलावण्याची मागणी. चिन्हांच्या वहीतले तारखांसह दहा मुद्दे जोडा. "अचानक तोटा झाला" असे कंपनी म्हणते तेव्हा हीच पाने कामाला येतात.

मशिनरी आणि डाय रात्री हलवण्याची भीती असेल तर थांबू नका. औद्योगिक न्यायालयातून अंतरिम मनाई मिळवण्यासाठी वकिलाला त्याच आठवड्यात गाठा. मशीन गेल्यावर तडजोडीच्या टेबलावर तुमच्या बाजूने फारसे काही उरत नाही.

कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर पैसे कमी वाटत असतील तर सहीसोबत "हक्क राखून" असे स्वतःच्या हाताने लिहा.

हिशेब मांडताना हे धरा: प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेसाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, ग्रॅच्युइटी वेगळी, शिल्लक रजा वेगळी, थकलेला पगार आणि बोनस वेगळा. कपात होऊन नोकरी गेली तर नव्या संहितेप्रमाणे १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत खात्यात यायला हवा. ग्रॅच्युइटीची मुदत ३० दिवसांची.

ईएसआयचे कार्ड असेल तर शाखा कार्यालयात लगेच जा. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिथला भत्ता २४ महिन्यांपर्यंत असतो. आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणांना ही योजना कळलीच नाही, आणि कळली तेव्हा वेळ टळून गेली होती.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि दावा दाखल करायला साधारण १४ दिवस मिळतात. कामगाराने नमुना डी भरायचा, सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधी भरत असेल तर नमुना ई. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर मागच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारणदार बँकेच्या बरोबरीने मोजतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या निधीला तर कर्ज देणाऱ्यांचा हातच लागत नाही. दावाच केला नाही तर यातले काही मिळत नाही.

९. वस्तीने काय करायचे

नोटीस लागल्याच्या पहिल्या आठवड्यात बचत गट आणि पतसंस्थेची बैठक घ्या, कुणाचा हप्ता किती महिने पुढे जाऊ शकतो ते ठरवा. शाळेत मुख्याध्यापकांना भेटून फीची मुदत मागा, एकेकट्याने नको, दहा पालकांनी मिळून. किराणा दुकानदाराला खरे सांगा; तो उधारी देतो, फसवलेले त्याला आवडत नाही. आणि कोण काय काम जाणतो याची यादी करा. वेल्डर, डायमेकर, फोर्कलिफ्ट चालवणारा, क्वालिटी तपासणारा असे वेगळे लिहा. ती यादी शेजारच्या कारखान्यांत आणि उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या. आमच्या चौघा डायमेकरांना याच यादीवरून जवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत महिनाभरात काम मिळाले. पन्नाशी ओलांडलेल्या ऑपरेटरांना मात्र फार वेळ लागला, म्हणून यादीत त्यांची नावे वर ठेवा.

घरात एका फाईलमध्ये आजच लावून ठेवायचे कागद

- नेमणूकपत्र आणि कायम केल्याचे पत्र
- मागच्या किमान २४ महिन्यांच्या पगारस्लिपा. नसतील तर बँकेचे पासबुक
- ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स
- यूएएन क्रमांक आणि पीएफ पासबुकची छापील प्रत, दर सहा महिन्यांनी नवी
- ईएसआयचे कार्ड आणि कुटुंबातल्यांची नोंद
- शेवटच्या वेतनकराराची प्रत
- रजेचा शिल्लक हिशेब, शक्यतो सही-शिक्क्याचा
- पतसंस्था आणि एलआयसीच्या कपातीच्या पावत्या
- ग्रॅच्युइटीसाठी दिलेला वारस नामनिर्देशनाचा नमुना. भरला नसेल तर या आठवड्यात भरून पोच घ्या
- कंत्राटी कामगारांसाठी: ठेकेदाराचे पूर्ण नाव, आणि मुख्य कंपनीच्या गेटवर हजेरी लागत असल्याचा कोणताही पुरावा